हे कुणाच्या तोंडचं?

बातमी लिहून झाली की ती घाडीसरांकडे जायची आणि घाडीसर ती डोळे मिटून ऐकायचे. वाचायचे नाहीत, ऐकायचे. एका कानात इअरफोन, हात मांडीवर, मान किंचित डावीकडे. ऐकता ऐकता मध्येच उजवा हात वर करायचे आणि आपल्या दिशेने न बघता विचारायचे, "हे कुणाच्या तोंडचं?"

नव्या माणसाला वाटायचं, बातमीत कुणाचं तरी विधान आहे आणि त्याचं नाव द्यायचं राहून गेलंय. तसं नसायचं. वाक्य आपणच लिहिलेलं असायचं, निदान आपली तशी समजूत असायची. मग जरा आठवून पाहिलं की कळायचं, हे वाक्य सकाळी मेलवर आलेल्या कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात होतं, आणि तिथून ते आपल्या बोटांत कधी उतरलं याचा आपल्याला पत्ताच नव्हता. मी पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा चांगलीच चिडले होते. माझंच वाक्य आहे म्हणून भांडले. ते शांतपणे म्हणाले, "तुझं नाही. तू असं बोलत नाहीस. 'वापरकर्त्यांच्या अनुभवाला नवी उंची' असं तू घरी कधी म्हणालीयस का गं?"

माधव घाडी आमच्या वर्तमानपत्राचे मुख्य उपसंपादक. ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. सरांचं घर लालबागला, चाळीत, चालत जाण्याच्या अंतरावर. तंत्रज्ञानाची पुरवणी त्यांच्या हाताखालून जायची आणि मी त्या पुरवणीची बातमीदार. मूळचे ते मालवणकडचे. त्यांच्या गावी घाडी घराण्याकडे एक जुनं काम असतं. देवळात कुणाच्या अंगात वारं आलं की घाडी पुढे होतो, गाऱ्हाणं घालतो आणि त्या वाऱ्याला विचारतो, तू कोण, कुठून आलास, काय मागतोस. सरांच्या आजोबांनी हे काम केलं. वडील गिरणीत आले आणि काम गावी राहिलं. "आजोबा माणसांना विचारायचे, मी बातम्यांना विचारतो," असं सर म्हणायचे आणि म्हणताना हसायचे नाहीत. आम्हीच हसायचो. मी गिरगावातली. आमच्या घरात कुणाच्या अंगात काही आलंच तर तो फक्त ताप, असं माझी आई म्हणते, आणि मीही त्याच मताची होते.

सरांचा जीव मुक्त सॉफ्टवेअरवर. म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याच्या आतली मांडणी कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते आणि पुढच्याला देता येते. आम्ही बातमीदार त्याला सर्रास 'फुकटचं सॉफ्टवेअर' लिहायचो आणि सर न चुकता 'फुकट' खोडून 'मुक्त' करायचे. मी एकदा विचारलं, फरक काय पडतो. ते म्हणाले, "आमच्या खाली मिरची गल्ली आहे. तिथे बाया आपल्या मिरच्या, आपले धणे घेऊन येतात आणि कांडपासमोर बसून मसाला कुटून घेतात. कमी-जास्त वाटलं तर तिथल्या तिथे सांगतात. पाकिटातला मसालाही वाईट नसतो गं. फक्त आत काय घातलंय ते विचारायचं नाही." नंतर मी निमूटपणे 'मुक्त' लिहायला लागले.

त्यांची तक्रार सॉफ्टवेअरबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त होती. एकदा एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची भोकं सापडली. सगळ्या वर्तमानपत्रांत 'फुकटातले धोके' अशा थाटाचे मथळे झळकले. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तसलंच भोक सापडलं, तर बातमी आली, 'कंपनीकडून तातडीने सुधारणा'. सरांनी मला दोन्ही बातम्या लागोपाठ मोठ्याने वाचायला लावल्या. "एकाची चूक झाली आणि दुसऱ्याने सेवा केली," ते म्हणाले. "कंपनीचं बारसं आपण पहिल्या पानावर घालतो. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या मुलांचं नाव छापतो ते फक्त अपघातात." मी म्हटलं, ती मुलं आम्हाला कळवत नाहीत, बोलवत नाहीत, मग आम्ही छापणार काय. त्यांनी मान हलवली. ते खरंच होतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

आता त्यांच्या कानातल्या आवाजाबद्दल.

सरांची नजर लहानपणापासून अधू. आधी अंधारात दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि पुढे नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसायला लागलं. शेवटी तेही धूसर होत गेलं. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजीत होतं, मराठीत नव्हतं. मराठीत आंधळे होते, पण कंपन्यांच्या लेखी गिऱ्हाईक नव्हतं. दादरच्या एका क्लासमध्ये शिकवणारा केदार नावाचा मुलगा आणि त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी जमून असा मुक्त आवाज बनवायच्या मागे लागले होते. त्यांना हवी होती एक बाई, जी खूप वाक्यं एका लयीत, स्वच्छ वाचेल. त्या वाचलेल्या तुकड्यांतून मग कंप्युटर कुठलाही मजकूर तिच्या आवाजात बोलू शकणार होता. सरांनी बायकोला विचारलं.

सुनंदाबाई पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. मी त्यांना हयातीत थोड्याच वेळा भेटले. ठेंगण्या, गोऱ्या, बोलताना प्रत्येक शब्दाला त्याची त्याची जागा देणाऱ्या. त्यांना वेळ मिळाला मे महिन्याच्या सुट्टीत, आणि मे महिना म्हणजे अख्ख्या मुंबईने वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे दिवस. खिडकीला गाद्या लावून, पंखा बंद करून त्या खोलीत बसून वाचत होत्या आणि गल्लीतली मिरचीची पूड फटीफटीतून वर येत होती. शिक्षिकाच त्या. वाक्याच्या मध्ये खोकणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी ठसके गिळले. केदारने नंतर बरेचसे साफ केले, पण काही आवाजात राहून गेले. त्यातला एक 'नमस्कार' या शब्दाच्या मागोमाग. 'नमस्कार' म्हटलं की घशात काहीतरी अडल्यासारखा एक बारीक आवाज, आवंढ्यापेक्षा थोडा जास्त. केदार म्हणाला, पुन्हा रेकॉर्ड करू. बाई म्हणाल्या, "राहू दे रे. लालबागचा आवाज आहे हे कळेल तरी."

त्या वाक्यांमध्ये एक वाक्य होतं, 'माधव रोज पुस्तक वाचतो.' सुनंदाबाईंनी वाचलं, 'हे रोज पुस्तक वाचतात.' केदारला वाटलं, चुकल्या. त्याने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच वाचलं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अरे, ते नाव मी कसं घेऊ?" मुलं पोट धरून हसली. वाक्य तसंच सोडून दिलं. आणि केदारने सरांच्या कंप्युटरवर गंमत म्हणून एक बदल करून दिला. मजकुरात कुठेही 'माधव' आलं की आवाजाने 'हे' म्हणायचं. ऑफिसातून सरांना मेल जायची 'प्रिय माधव घाडी' आणि कानात ऐकू यायचं 'प्रिय हे घाडी'. माधव नावाचे एक नगरसेवक बातम्यांत वरचेवर असायचे, त्यांचेही 'हे' झाले. त्यावर सर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, हा कुठला हे निघाला. पण त्या बदलाचा त्यांना केवढा अभिमान. "कंपनीच्या सॉफ्टवेअरला सांगून बघ, माझ्या बायकोला माझं नाव घ्यायला लावू नका म्हणून. ऐकतील?" असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

आवाज तयार झाला आणि मुलांनी तो मुक्त करून टाकला. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. अट एकच, आवाज देणारीचं नाव सोबत असावं. त्याची बातमी मी दिली होती. पुरवणीत आत, खालच्या कोपऱ्यात आली. दुसऱ्या कुणी घेतली नाही.

रोज ऐकणारे आंधळे लोक आवाजाचा वेग वाढवतात. सरांनी तो इतका वाढवला होता की त्यांच्या कानातून बाहेर झिरपणारं आम्हाला भाषेसारखं वाटायचंच नाही. शेजारच्या टेबलावर बसलं की एक बाई सतत, न थांबता काहीतरी पुटपुटतेय असं ऐकू यायचं. नव्या लोकांना ते सहन व्हायचं नाही, ते जागा बदलून मागायचे. मला सवय झाली होती. संध्याकाळी सर घरी जायचे तेव्हा म्हणे सुनंदाबाई कुरकुरायच्या, दिवसभर तिकडे माझं ऐकता आणि इथे आल्यावर मी बोलले की लक्ष नसतं.

मग सुनंदाबाई गेल्या. ताप म्हणून इस्पितळात नेलं आणि परत आणल्या त्या तशाच. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसातले काही जण भेटायला गेलो. खोली माणसांनी भरलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. निधनवार्ता आमच्या डेस्कवर लिहून झाली होती आणि सरांनी फोनवर निरोप दिला होता, छापण्याआधी मला पाठवा, मी बघतो. त्यांना वेड लागलंय असं काहींना वाटलं, पण चुकीची निधनवार्ता त्यांनी कुणाचीच जाऊ दिली नसती. ती मेल आली तसे ते उठले, चाचपडत टेबलाशी गेले आणि कंप्युटर लावला. इअरफोन ऑफिसात राहिला होता.

"सुनंदा हे घाडी यांचे मंगळवारी निधन झाले," सुनंदाबाई म्हणाल्या.

समईशी बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या मावशीने पदर तोंडाशी नेला आणि पुटपुटली, "सुनंदाच बोलता गो ही." आवाज त्याच स्वच्छ लयीत पुढे गेला. त्या लोकप्रिय शिक्षिका होत्या, त्यांच्या मागे पती हे, मुलगी, जावई असा परिवार आहे. सरांनी हात वर केला. मला वाटलं, आता सर कोसळणार. ते मला म्हणाले, "शिक्षिका नाही. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तेवढं बदल."

मी भित्री नाही. पण त्या दिवशी चाळीचा जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला होता, हे मला आठवतं.

दिवसकार्य आटोपून ते कामावर आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ते आवाज बदलतील. पुरुषाचा एक आवाज तोवर आला होता. त्यांनी नेहमीसारखा इअरफोन लावला. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की पुटपुटणं बंद झालंय. मी जरा कलले तर मला शब्द कळत होते. त्यांनी वेग कमी केला होता. बाई जशा बोलायच्या तेवढाच ठेवला होता. मग पानं उशिरा जायला लागली, वरून बोलणी यायला लागली. सरांनी वेग वाढवला नाही आणि कारणही कुणाला सांगितलं नाही.

दिवसभर शेजारी एक मेलेली बाई हळू आवाजात शेअर बाजार वाचते, मोबाइलचे नवे मॉडेल वाचते, 'अनुभवाला नवी उंची' वाचते, आणि मध्येच कुठल्या तरी मेलच्या सुरुवातीला 'नमस्कार' म्हणून ठसका गिळते. आम्ही तिथे डबे खायचो.

असंच वर्ष-दोन वर्षं गेली असतील. एका मोठ्या कंपनीने वरळीच्या हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. दिवे मंदावले, पडद्यावर निळी लाट हलायला लागली आणि एक आवाज म्हणाला, "नमस्कार. मी मराठीचा पहिला आवाज." 'नमस्कार' आणि 'मी' यांच्या मध्ये काहीतरी अडलं.

एसी जास्त आहे असं मी स्वतःला सांगितलं. आवाज तरुण होता, गोड होता, जरा वरच्या पट्टीतला होता. कुणीतरी बाईंना विशीत नेऊन बसवल्यासारखा. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि जेवणाला न थांबता ऑफिस गाठलं.

सरांना मी काहीच सांगितलं नाही, फक्त ऐकवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि नंतरही तसा कधी पाहिला नाही. कुणीतरी दारात उभं असावं आणि आत येत नसावं, तशी वाट बघणारा चेहरा. ते म्हणाले, "यंत्राला मिरची कुठून झोंबली गं?"

केदारला बोलावलं. त्याने ऐकलं, घरी नेऊन आपल्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने आला. आवाज तोच होता. चोरी मात्र म्हणता येत नव्हती, असं त्याने समजावून सांगितलं. घ्या, बदला, विका, असं आपणच म्हटलं होतं. त्यांनी फक्त नाव ठेवायला हवं होतं आणि 'पहिला' म्हणायला नको होतं. सर म्हणाले, मला तरी दुसरं काय हवंय. बातमीत एक ओळ यावी, की हा आवाज मुळात सुनंदा घाडी यांचा. बास.

मी कंपनीला विचारलं. त्यांच्या प्रसिद्धी विभागातली बाई फार गोड बोलली. म्हणाली, आमचा आवाज कुठल्याही एका व्यक्तीचा नाही. मी ते सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वाऱ्याला विचारलं की पहिल्यांदा तोही असंच म्हणतो. मी कुणाचा नाही म्हणतो. आजोबा म्हणायचे, तिथे सोडायचं नाही, पुन्हा विचारायचं." मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही.

संपादक वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे त्या दिवसाची कंपनीची पानभर जाहिरात होती आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक ठसका होता. "ठसक्यावर बातमी छापू?" त्याने विचारलं. "उद्या शिंकेवर मागाल." माझी बातमी बाजूला गेली आणि प्रसिद्धीपत्रकावरून केलेली पानात लागली. पुरवणी दुपारी छपाईला सुटायची. नेहमीच्या रिवाजाने ते पान शेवटचं ऐकायला घाडीसरांकडे आलं.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी इअरफोनची वायर काढून ठेवली. मला ऐकवायचं होतं म्हणून, की एकट्याने ऐकवेना म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. सुनंदाबाई वाचायला लागल्या, सावकाश, शब्दाशब्दाला त्याची जागा देत. मराठीला प्रथमच स्वतःचा आवाज मिळाला आहे. यापूर्वी मराठीत असा आवाज नव्हता.

डेस्कवरच्या सगळ्यांची बोटं थांबली होती. सर म्हणाले, "बघ. ती नव्हतीच, असं तीच मला वाचून दाखवतेय."

त्यांनी 'प्रथमच' खोडलं. 'यापूर्वी'चं वाक्य काढून टाकलं. पान सोडलं. तुम्ही तिचं नाव तिथे का नाही घातलं, हातात तर होतं, असं मी नंतर त्यांना विचारलं. ते म्हणाले, खोटं काढायचा मला अधिकार आहे, कामच ते आहे. पण संपादकाने नको म्हटलेलं मी गुपचूप घुसवलं, तर मग त्या बातमीच्या तोंडून मीच बोलायला लागलो. माझ्यात आणि त्या कंपनीत मग काय राहिलं. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळी वर्तमानपत्रं घेऊन बसवलं आणि ती बातमी एकेका पेपरातून मोठ्याने वाचायला लावली. मराठीला प्रथमच स्वतःचा आवाज. मराठीला प्रथमच स्वतःचा आवाज. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटायला लागला, तेव्हा मी थांबले. फक्त आमच्या बातमीत 'प्रथमच' नव्हतं, आणि नसलेलं काही कुणाला दिसत नाही. कंपनीला मात्र दिसलं. त्यांचा फोन आला. सर निवृत्तीचं वय उलटून मुदतवाढीवर होते. पुढची मुदतवाढ मिळाली नाही. शाल, नारळ, गुच्छ झालं. त्यांना बोलायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि बसले.

तो आवाज मग पसरत गेला. बँकेत आला, इस्पितळाच्या नंबर पुकारणाऱ्या यंत्रात आला, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आला. सकाळी दार बंद झालं की 'नमस्कार' आणि मग तो घशातला अडथळा, आणि आपण त्या डब्यात एकटेच. मी जिना चढायला लागले. गुडघ्यांसाठी चांगलं असतं, असं सगळ्यांना सांगते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते एका मे महिन्यात. आईचा मसाला कुटून घ्यायला लालबागला गेले होते, म्हटलं वर डोकावून यावं. दुपार होती. दार उघडंच. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. खुर्चीत ताठ बसले होते, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले, कुठे निघाल्यासारखे. मोबाइल हातात. मी नाव सांगितल्यावर खूश झाले, ऑफिसातल्या एकेकाची चौकशी केली. खालून कांडपाचे ठोके येत होते आणि माझे डोळे चुरचुरत होते. कुणाच्या फोनची वाट बघताय का, मी विचारलं.

"बहुतेक दुपारी येतो," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. कर्ज देणारी कुठली तरी कंपनी आहे, तिने हा आवाज घेतलाय. तो लोकांना नावाने हाक मारून कर्ज घ्या म्हणतो. पहिल्यांदा फोन आला तेव्हा त्यांनी मोबाइल भिंतीवर फेकला होता.

"आमच्या लग्नात आग्रह झाला, तेव्हा तिने एकदा उखाण्यात नाव घेतलं. 'समुद्राच्या काठी माडांची रांग, माधवरावांचं नाव घेते, आणखी काय हवं सांग.' त्यानंतर कधी नाही. आजारातसुद्धा नाही. केदारला म्हटलं, हे बदल, हिला पूर्वीसारखं 'हे' म्हणायला लाव. तो म्हणाला, सर, हे उघडता येत नाही. हे त्यांचं आहे." त्यांनी मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "संताप येतो गं. तिने नाव घेतलेलं नाही, तिच्या तोंडून घेतलंय, हे मला कळतं. मला नाही कळणार तर कुणाला. मला तिचं नाव एका ओळीत छापून आणता आलं नाही, आणि ती मात्र माझं..."

मी म्हटलं, सर, नंबर बंद करून घेऊ या, मी आत्ता करून देते, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी मोबाइल छातीशी ओढून घेतला. आणि फोन वाजला.

त्यांनी तो कानाला लावला नाही, समोर धरला. आवाज खोलीत आला, याच खोलीत, जिथे खिडकीला गाद्या लावून तो रेकॉर्ड झाला होता.

"नमस्कार." ठसका. खालच्या गल्लीतून मिरचीचा तसाच लोट वर येत होता आणि मला स्वतःला खोकला आवरत नव्हता, पण मी तो गिळला. "माधव, आपल्यासाठी एक खास योजना आहे." आवाज तरुण होता, गोड होता. त्याने व्याजाचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं, पुन्हा एकदा माधव म्हणाला. मग त्याने विचारलं, "माधव, आपल्याला आणखी काय हवं, सांगा."

सरांचा उजवा हात वर गेला. डेस्कवर जायचा तसाच, मान किंचित डावीकडे. मी वाट बघत राहिले. तो प्रश्न मी इतकी वर्षं ऐकला होता की माझ्याच तोंडात येऊन थांबला होता.

त्यांनी विचारलं नाही. हात हळूहळू खाली मांडीवर आला.

"काही नको," ते फोनला म्हणाले. "तू बोल."